साताऱ्याच्या भुताखेतांच्या वाटा

गुरुवार : माहुली, लिंब

संगम माहुलीला आम्ही सकाळीच गेलो. अमावस्या जवळ आली होती, आणि अमावस्येच्या आसपास दिवेलागणीनंतर संगमावर रेंगाळू नये असं साताऱ्यातली जुनी माणसं अजूनही बजावतात.

बरोबर मामा होते. सगळी नोकरी त्यांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढली, त्यातली निम्मी मुक्कामाच्या गाड्यांवर. संध्याकाळी शेवटची गाडी घेऊन डोंगरातल्या गावी जायचं, देवळात नाहीतर गाडीतच पथारी टाकायची, पहाटे परत निघायचं. जिल्ह्यातला कुठला ओढा, कुठला पिंपळ, कुठलं वळण ‘वाईट’ हे त्यांना तोंडपाठ आहे. मला या गोष्टी त्या त्या जागी उभं राहून ऐकायच्या होत्या. त्या सांगणारी पिढी आता सत्तरी ओलांडतेय. मोबाईलवर ‘भयानक ठिकाणं’ म्हणून जे फिरतं त्यात नाव आपल्या गावाचं असतं आणि भूत मात्र कुठल्या तरी सिनेमातलं.

माहुलीला कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना मिळतात. रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. नदीकाठी आणि पात्रात सातारच्या राजघराण्यातल्या समाध्या आहेत. मोठा पूर आला की त्यातल्या काही गाळाखाली जातात. 1761 मध्ये वारलेल्या महाराणी ताराबाईंची समाधी इथलीच. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, अशी कथा साताऱ्यात प्रत्येक पोराला ठाऊक असते.

घाटावर एक आजी धुणं धूत होत्या. मामांनी ओळख काढली, कुठल्या गावच्या, कुणाच्या, आणि मग हळूच विचारलं, “इथं काय दिसतं म्हणत्यात, खरं का?”

“दिसत न्हाई काय,” आजी पिळा सोडत म्हणाल्या. “आमच्या सासूबाई सांगायच्या, रातीचं बांगड्या वाजत्यात. राणीच्या.”

कुठल्या राणीच्या ते त्यांना सांगता येईना. मला मात्र एकच नाव सुचत होतं. 15 डिसेंबर 1749 रोजी शाहू महाराज गेले आणि त्यांच्या राणी सकवारबाई त्यांच्यामागे सती गेल्या. पुढे साताऱ्यातच इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने लिहिलंय की ही राणी राजकारणात आडवी येत होती, आणि सती जाण्याचं बोलणं तिच्या गळ्यात अडकवून तिला माघार घेता येणार नाही अशी तजवीज केली गेली. त्या काळातल्या कागदांमध्ये गादी कुणाला, कारभार कुणाकडे याची खलबतं पानोपानी भरलेली आहेत. त्या बाईला काय वाटलं असेल याची आठवण जर कुठे उरली असेल, तर ती धुणं धुणाऱ्या बायकांच्या सासूबाईंनी सांगितलेल्या बांगड्यांत. मी ही गोष्ट खोटी म्हणून बाजूला सारायला तयार नाही.

दुपारी महामार्ग सोडून लिंबला गेलो. बारा मोटेची विहीर बघायला आता बरेच लोक येतात. 1719 ते 1724 या काळात शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. अष्टकोनी, साधारण 110 फूट खोल, आणि पोटात चक्क महाल. पाण्याकडे उतरणारा जिना इतका थंड की उन्हातून आत शिरताच अंगावर काटा येतो. कोणी भुताची गोष्ट सांगितलेली नसली तरी येतो.

पण आमचं काम गावाबाहेर, कृष्णेच्या काठावर होतं. तिथे एका झाडाखाली ओळीने सात दगड मांडलेत, शेंदराने माखलेले, पुढे हिरव्या बांगड्या, हळदीकुंकू, वाळून गेलेला दहीभात. साती आसरा. डोहात, विहिरीत, नदीच्या खोल वळणात त्या राहतात. देखणं पोर एकटं पाण्यावर गेलं की ओढून नेतात. घरात बाळंतपण झालं, नवी विहीर खणली, नवी मोटर बसवली, की आधी त्यांचं बघायचं.

“पोरांनी पाण्याकडं जाऊ नये म्हणून सांगायचं,” मामा म्हणाले.

तेवढंच असेल असं मला वाटलं नाही. आमच्याच भावकीत एक मुलगा पोहायला गेला तो परत आला नाही. त्याच्या आईने उरलेल्या आयुष्यात ‘बुडाला’ हा शब्द कधी उच्चारला नाही. ‘आसरांनी नेला’ म्हणायची. त्या सातजणी त्याच्या दुपारच्या जेवणाचं बघत असतील, असंही एकदा म्हणाली होती. दरवर्षी ती खण आणि बांगड्या घेऊन डोहावर जायची, कारण तिच्या लेखी मुलगा तिथे होता.

शुक्रवार : किकली, खंबाटकी

भुईंजजवळ किकली आहे, चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याला. भैरवनाथाचं यादवकाळातलं देऊळ आणि आवारात वीरगळच वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड. इतके एका जागी मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, बहुतेक वेळा गाईगुरं पळवणाऱ्यांशी, आणि पडलेला वीर. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला उचलून नेताहेत. वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. शेजारी एखादी सतीशिळा, तिच्यावर कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात. नावं जवळजवळ कुणाचीच नाहीत. कुणाची गुरं, कुठलं गाव, काही कळत नाही. गावासाठी मेलेल्या माणसाला गावाने दगडात उभं केलं आणि तो भूत होऊन भटकणार नाही, देव होऊन शिवेवर राखण करेल, अशी सोय लावली. आता यातल्या काहींना शेंदूर फासलाय. कुणी म्हसोबा म्हणून नारळ फोडतं, कुणी नुसतं वीर म्हणतं. रात्री शिवेवर घोड्याच्या टापा ऐकू येतात, हे गावात दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोघांनाही त्याची भीती वाटत नव्हती. टापा ऐकू येतात म्हणजे राखणदार जागा आहे.

मामा एकेका दगडापुढे चप्पल काढून उभे राहत होते. मला घाई करवेना.

खंबाटकीला पोचायला अंधार पडला, आणि तो मुद्दाम पडू दिला होता. साताऱ्याकडे येताना घाट चढावा लागतो, पुण्याकडे जाताना बोगदा. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावर ते इंग्रजी एसच्या आकाराचं वळण लागतं, जिथे गाड्या उलटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. 2018 मध्ये मजुरांनी भरलेला टेम्पो या परिसरात उलटला आणि पंधराहून अधिक माणसं जागीच गेली. कर्नाटकातून कामासाठी निघालेली, बायकापोरांसह.

पांढऱ्या साडीतली बाई हात करते, ही गोष्ट प्रत्येक घाटात आहे, खंबाटकीतही आहे. मामांची गोष्ट तिच्याहून वेगळी होती. ती त्यांनी खामजाईच्या देवळाजवळ गाडी बाजूला घेऊन सांगितली.

“पुण्याहून रातची शेवटची गाडी. तेव्हा बोगदा नव्हता, येणारं-जाणारं सगळं घाटातनंच. गाडीत सात-आठ माणसं, सगळी झोपलेली. कंडक्टर माझ्याच वयाचा, तोबी पेंगत होता. वरच्या वळणावर मला बाई दिसली. कडेला पोर. मी ब्रेक मारला. कुणी नाही. मी म्हणलं, झोप आली असंल डोळ्यावर. गेर टाकणार तेवढ्यात मागनं डबल बेल पडली. टण टण. म्हणजे माणूस चढलं, चला. मी निघालो. खाली सुरूरला आल्यावर कंडक्टरला म्हणलं, कोण चढलं? तर तो म्हणतो, मी बेल मारलीच न्हाई. मला तर जागच आत्ता आली.”

मग?

“मग काय. नोकरीभर त्या वळणावर गाडी सावकाश घेतली. माझ्या हातनं तिथं कधी कुणाला खरचटलं पण नाही.”

मी मामांना चाळीस वर्षं ओळखते. ते गोष्ट फुगवून सांगत नाहीत. रात्री दोन वाजता, दिवसभराच्या ड्युटीनंतर, थकलेल्या डोळ्यांना आणि कानांना काय काय होतं हेही मला माहीत आहे. त्या वळणावर मेलेल्यांपैकी कितीजणांचं नाव कुठे लिहिलंय? किकलीसारखा दगड इथे कुणी उभा केलेला नाही. मामांनी मात्र गाडी सावकाश घेतली, आणि पुढच्या पिढीच्या ड्रायव्हरांनाही तेच सांगितलं. एसटीतल्या किती जणांनी या गोष्टीमुळे तिथे पाय ब्रेकवर ठेवला असेल, मोजता येणार नाही.

शनिवार : मांढरदेव

आज अमावस्या. वाईहून वर घाट चढतो तेव्हा सकाळीच जीपगाड्यांची रांग लागलेली. मांढरदेवची काळूबाई, काळेश्वरी. लाख्यासुराला दिवसा मरण नव्हतं, म्हणून देवीने त्याला पौष पौर्णिमेच्या रात्री मारलं, अशी कथा. त्याच पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. पण अमावस्या, मंगळवार, शुक्रवारलाही गर्दी कमी नसते, आणि तिच्यात ‘बाहेरचं’ झालेली माणसं घेऊन आलेली कुटुंबं हमखास असतात. महाराष्ट्रात भूत या गोष्टीचं काय केलं जातं ते समजून घ्यायचं असेल, तर पडक्या वाड्यांपेक्षा इथे यावं.

25 जानेवारी 2005 चा दिवस या डोंगराला विसरता येणार नाही. यात्रेच्या दिवशी फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या, माणसं घसरली, त्यांच्यावर माणसं पडली, मग दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले. जवळपास 300 लोक गेले. पदावर असलेल्या न्यायाधीशांचा चौकशी आयोग बसला. त्यानंतर बरंच बदललंय. पशुबळी, वाद्यं, झाडांना खिळे ठोकणं यांवर यात्रेच्या काळात बंदी असते, पोलीस असतात. तरी देवळामागच्या झाडांकडे गेलं की जुन्या खिळ्यांनी सालं फुगलेली दिसतात. लिंबू, काळ्या बाहुल्या, चिंध्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोटो. पासपोर्ट आकाराचे, शाळेच्या गणवेशातले. कुणाचं तरी वाटोळं व्हावं म्हणून शेजाऱ्याने, भावाने, जावेने इथवर आणून ठोकलेले.

देवळाच्या खालच्या अंगाला एक मुलगी घुमत होती. विशीची असेल. केस मोकळे, डोळे मिटलेले, आवाज जाड झालेला. भोवती घरची माणसं. एक भगत तिला विचारत होता, कोण आहेस, कुठे धरलंस, काय घेऊन सोडशील. ती एका ओढ्याचं नाव घेत होती. भगताचा हात तिच्या केसांकडे गेला तेव्हा तिच्या आईने तो धरला. “मारायचं न्हाई,” आई म्हणाली. “आधीच सांगितलंय तुमाला.”

नंतर त्या माउलीशी बोलता आलं. मुलीचं लग्न होऊन सव्वा वर्ष झालं होतं. सासरहून परत आली ती अशी. साताऱ्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या चालू आहेत, झोप लागायला लागलीय. “मग इथं कशाला?” असं मी विचारलं नाही, पण त्यांनीच उत्तर दिलं. “गोळ्यांनी झोपती. पण बोलत न्हाई. इथं आल्यावर बोलती तरी. सासरी काय झालं ते पयल्यांदा हितंच बोलली.”

या वाक्याने मी गप्प झाले. भुताच्या तोंडून का होईना, तिला बोलता आलं. सुनेने सासरविरुद्ध तोंड उघडलं तर ती उद्धट; हडळीने उघडलं तर सगळं घर हात जोडून ऐकतं. हे खरं आहे आणि म्हणूनच इथली गर्दी ओसरत नाही. पण त्या आईने भगताचा हात धरला नसता तर? मिरचीची धुरी, साखळी, चाबूक, हे सगळं या राज्यात झालंय. ते गुन्हा ठरावं म्हणून साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेला हा कबड्डीपटू डॉक्टर. 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा आता गुन्हा आहे. 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा. कायदा देवीला हात लावत नाही, नवसाला नाही, पालखीला नाही. त्या आईला कायद्याचं नाव माहीत नव्हतं, पण “मारायचं न्हाई” हे ती ठामपणे म्हणू शकली. हे बळ आपसूक आलेलं नाही. भुताच्या गोष्टी मला जिवापाड आवडतात, आणि त्यासाठीच एकाही मुलीच्या अंगावर त्या गोष्टीचा वळ उठता कामा नये, असं मला वाटतं.

उतरताना मेणवलीला थांबलो. नाना फडणवीसांचा वाडा, मागे घाट, आणि देवळात वसईच्या मोहिमेतून आलेली ती पोर्तुगीज घंटा. भूत नाही. घाटावर चहा घेतला. वाईत पिंपळाच्या पारावर मुंज्याची चौकशी केली. मुंज झाली आणि लग्नाआधीच वारलेला ब्राह्मणाचा मुलगा. एका काकांनी “आता त्या झाडाखाली पार्किंग आहे” एवढंच सांगितलं.

रविवार : वासोटा

बामणोलीहून लाँच निघाली तेव्हा शिवसागरावर धुकं होतं. कोयना धरणाचं हे पाणी. साठच्या दशकात ते चढत गेलं आणि खोऱ्यातली गावं एकामागून एक खाली गेली. माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीकडे पांगली. लाँच चालवणाऱ्या दादांचं गाव असंच पाण्यात.

“उन्हाळ्यात पाणी लय उतरलं की आमच्या घराची जोती दिसत्यात,” ते म्हणाले. “आजोबा त्या टायमाला येऊन बसायचे. देवी आम्ही वर नेली, पण घंटा ऱ्हायली म्हणायचे. राती तिचा आवाज येतो.”

“तुम्ही ऐकलाय?”

“मी तर पाण्यावरच असतो ताई. इंजिनपुढं काय ऐकू येतंय?” मग थोडं थांबून, “बंद केल्यावर ऐकतो कधी कधी. म्हणजे कान देतो.”

तास-दीड तासाने लाँच किनाऱ्याला लागते. पुढे वनखात्याच्या नोंदी, आणि मग घनदाट जंगलातली चढण. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आहे हा. रात्री राहायला परवानगी नाही, आणि नसावीच. वाटाड्या म्हणून आलेला तरुण याच खोऱ्यातला. त्याच्याकडून चकव्याची गोष्ट ऐकली. त्याच्या चुलत्याला चकवा लागला. ओळखीची वाट, रोजचं जंगल, आणि अंधारात तो पुन्हा पुन्हा त्याच आंब्याखाली येत राहिला. चौथ्यांदा तिथे आल्यावर त्याने जुन्यांनी सांगितलेलं केलं: जागच्या जागी बसला, बिडी पेटवली, उजाडेपर्यंत उठला नाही. उजाडल्यावर बघतो तर पाच पावलांवर कडा.

जंगलात वाट चुकलेल्याने काय करावं, तर थांबावं, विस्तव करावा, अंधारात पाऊल टाकू नये. वनखात्याचा माणूसही हेच सांगेल. चकव्याच्या रूपात ते सांगितलं तर दहा वर्षांच्या गुराख्यालाही जन्मभर लक्षात राहतं.

माथ्यावर मोडकं देऊळ, पाण्याची टाकी, समोर जुना वासोटा, आणि बाबूकडा. बाबूकड्यावरून साद घातली की ती वळून येते, आणि खाली कोकण असं सरळ तुटलेलं की पोटात गोळा येतो. हा किल्ला तुरुंगही होता. इथून सुटका नाही म्हणून कैदी इथे ठेवत. पेशवाईच्या शेवटी, 1806 नंतर, पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने पेशव्यांच्या बापू गोखल्यांसारख्या सेनापतीला इथून महिनोन्‌महिने झुंजवलं. वाटाड्याला तिची गोष्ट येत होती, आणि ती मेल्यानंतरही ‘फिरते’ असंही तो म्हणाला. कशी फिरते? “पहारा देती. किल्ल्यावर दारू पिऊन दंगा केला की दगड येतो.” असा दगड यावा, असं मला तिथल्या बाटल्यांच्या काचा बघून मनापासून वाटलं.

सोमवार : अजिंक्यतारा

शेवटचा मुक्काम घराजवळ. पहाटे पाचला वर निघालो, आणि पहिला धक्का हा की आम्ही एकटे नव्हतोच. बॅटऱ्या घेऊन, कानटोप्या घालून निम्मा सातारा डोंगर चढत होता.

या किल्ल्यावर मला भुतांची सगळ्यात मोठी अपेक्षा होती. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेबाने साताऱ्याला वेढा घातला. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. एप्रिल 1700 मध्ये मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्याने वरचे मराठे गाडले गेले. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. दुसरा उलटा, बाहेर फुटला आणि तट हल्ल्याला तयार उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच कोसळला. दोनेक हजार माणसं गेली. मोगल इतिहासकार खाफीखानाने पुढची हकीकत दिली आहे ती वाचताना हात थांबतो. बादशाही फौजेतल्या हिंदू पायदळाला ढिगाऱ्याखालचे आपले भाऊ, आपली मुलं बाहेर काढता येईनात, वेगळी करून जाळता येईनात. मग त्यांनी रात्री मोर्चाच्या प्रचंड लाकडी दमदम्यालाच, म्हणजे किल्ल्यावर मारा करायला उभारलेल्या उंच मचाणालाच, आग लावली, म्हणजे तीच चिता होईल. ती सात दिवस जळत राहिली.

उत्तरक्रिया न झालेली दोन हजार माणसं, एका डोंगराच्या कुशीत. गोष्टींच्या हिशोबाने इथे पाऊल टाकायची सोय नसावी. मंगळाईच्या देवळापाशी मी फिरायला आलेल्यांना विचारत सुटले. कुणी काही दिसल्याचं सांगितलंय का? आवाज? आग? सगळे नाही म्हणाले. सुरुंगाची गोष्ट निम्म्यांना माहीत होती, भुताची एकालाही नाही.

किकलीपासून मनात एक मांडणी तयार होत होती, की जिथे माणसं विसरली गेली तिथे भूत उभं राहतं. अजिंक्यताऱ्याने ती अपुरी ठरवली. इथे मेलेले बहुतेक परमुलखातले होते, त्यांची वाट बघणारी आई साताऱ्यात नव्हती. आणि या वाटेवर रात्री एकटं जायची वेळ आता कुणावर येत नाही. आसरांना एक आई लागते, खंबाटकीच्या बाईला पेंगुळलेला ड्रायव्हर, पाण्यातल्या घंटेला घर बुडालेला आजोबा. मेलेल्यांची संख्या कितीही असो, गोष्ट जिवंत माणसाची निकड असेल तिथेच टिकते.

एक निवृत्त गुरुजी मंगळाईला फुलं वाहून बाहेर आले. त्यांनी माझा प्रश्न दोनदा ऐकून घेतला आणि सुरुंग नेमका कुठल्या बुरुजाखाली होता ते विचारलं. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. मंगळाईचा बुरूज, तट बाहेर पडला, खाली माणसं उभी होती. चितेचं मात्र त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. ते मामांकडे वळून म्हणाले, “म्हणजे त्या पोरांचं कुणी काही केलंच नाही म्हणायचं.” मग पिशवीत उरलेली शेवंती घेऊन ते तटाच्या कडेपर्यंत गेले, फुलं खाली सोडली, आणि परत येऊन आम्हाला विचारलं, खाफीखानाचं ते पान मराठीत कुठे वाचायला मिळेल.